धाप माशाला, दुखणं पाण्याचं

वाचकाचं पत्र:

आमच्याकडे सासऱ्यांनी चार वर्षांपूर्वी आणलेले गोल्डफिश आहेत. दोन फुटांची टाकी, चार मासे. एप्रिलमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून टाकी माझ्याकडे आली. गेल्या रविवारी नळाला पाणी आलं होतं म्हणून मी पहिल्यांदाच सगळी टाकी रिकामी करून साफ केली. खडे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला आणि टाकी बोरच्या पाण्याने भरली. दोन दिवस मासे छान फिरले. बुधवारपासून मात्र वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, कल्ले भराभर हलवताहेत. दुकानदाराने निळं औषध दिलं, मग एक कॅप्सूल फोडून टाकायला सांगितली. शुक्रवारी सकाळी एक मासा मेला. लाल्या म्हणून सगळ्यात जुना मासा आहे, त्याचा डावा कल्ला हलतच नाही. बाबांना वाटतं अशक्तपणामुळे दम लागतोय, म्हणून ते दिवसातून चार-पाचदा दाणे टाकतात. शेजारचे म्हणतात, मोर्णा नदीत सोडून द्या. माशांना दमा होतो का? कोणतं औषध देऊ?

– एक वाचक, अकोला

उत्तर:

ताई, पुढचं वाचण्याआधी टाकीपाशी जा. पाणी चार बोटं कमी करा, म्हणजे फिल्टरची धार वरून खळखळत पडेल. हवेचा पंप असेल तर पूर्ण जोरात लावा. नसेल तर आज संध्याकाळपर्यंत आणा. दोन बादल्या बोरचं पाणी काढून टाकीच्याच खोलीत ठेवा आणि मगाने उंचावरून ओतून चांगलं घुसळा, तासाभराने ते लागणार आहे. दाण्यांचा डबा कपाटात ठेवा. निळी बाटली आणि कॅप्सूल बंद. एवढं झालं की बादलीतलं पाणी मुरेपर्यंत बसून बाकीचं वाचा.

माशांना दमा होत नाही, पण धाप लागते, आणि ती आपल्या धापेहून लवकर जिवावर बेतते. आपल्या भोवतालच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. पाण्यात तो लिटरमागे काही मिलिग्रॅमच विरघळलेला असतो. तेवढ्यासाठी मासा रात्रंदिवस तोंडाने पाणी घेतो, कल्ल्यांच्या बारीक पाकळ्यांवरून सोडतो आणि झाकणांखालून बाहेर टाकतो. या पाकळ्यांमध्ये रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं, म्हणून इतक्या विरळ ऑक्सिजनवरही त्याचं भागतं. शरीरात तयार झालेला अमोनियाही बहुतांशी याच कल्ल्यांतून बाहेर पडतो. म्हणजे आपली फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात ती दोन्ही कामं एकाच नाजूक, उघड्या जागी चालतात. त्यामुळे पाण्यात काहीही बिघडलं तरी पहिला घाव कल्ल्यांवर बसतो. मासा धापतोय हे त्याचं पाणी बिघडल्याचं सांगणं असतं, आणि तो आजारी असल्याचं असतंच असं नाही.

तुमचं पत्र वाचताना मी ‘करताहेत’ या शब्दापाशी थांबलो. तुम्ही अनेकवचन वापरलंय. धाप लागलेल्या माशाबद्दल कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, एक धापतोय की सगळे? एकच धापत असेल आणि बाकीचे मजेत असतील, तर आजार शोधायचा. सगळे एकाच दिवशी वर आले तर दोष पाण्यात. साथ पसरतानासुद्धा आधी एक, मग दुसरा असा क्रम लागतो. बुधवारी चारही एकदम, आणि तेही धुलाईनंतर तीन दिवसांनी, म्हणजे बाटलीतल्या औषधाचा इथे संबंधच नव्हता. फायटर किंवा गोरामी जातीचे मासे असते तर गोष्ट वेगळी होती. त्यांच्या डोक्यात हवा घेण्यासाठी खास अवयव असतो, ते वर येऊन घोट घेतात तो त्यांचा रोजचा श्वास. गोल्डफिशचं तसं नाही. तो सतत पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून बसला तर त्याला खाली श्वास पुरत नाहीये.

आता रविवारी नेमकं काय झालं ते. फिल्टरच्या स्पंजात जो तपकिरी गाळ साठतो, त्यात उपयोगी जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू माशांच्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्याच प्रमाणात माशांना सोसतं. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीत ती चार वर्षांची होती. नळाला नुकतंच आलेलं पाणी क्लोरीनचं असतं, आणि क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घालतात. स्पंज त्याच्याखाली पिळला, खडेही धुतले, जुनं पाणीही गेलं. टाकी डोळ्यांना लख्ख झाली आणि माशांच्या दृष्टीने कालच विकत आणलेली झाली. पहिले दोन दिवस ताज्या पाण्यावर निघाले, मग अमोनिया साठत गेला. त्याला ना रंग असतो ना या प्रमाणात वास, म्हणून पाणी काचेसारखं नितळ दिसत असतानाही कल्ले भाजून निघतात, सुजतात, त्यांच्यावर चिकट थर धरतो. आणि त्याच वेळी बाबा मायेने दाणे वाढवत होते. खाल्लेल्या दाण्याचाही अमोनिया होतो आणि न खाल्लेल्या कुजक्या दाण्याचाही.

स्वतःला बोल लावू नका, ताई. माझ्या पहिल्या टाकीतले सहा मासे मी असेच घालवले. टाकी साफ केल्याच्या समाधानात होतो आणि कुणी सांगणारं नव्हतं. स्पंज धुवावाच लागतो, पण टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा दाबायचा, गाळ सुटला की परत लावायचा. तो पांढरा करायचा नसतो.

तुमच्याकडे दोन गोष्टींनी भर घातली, बोर आणि मे महिना.

बोरचं पाणी जमिनीखालून येतं, हवेशी त्याचा संबंध आलेला नसतो, त्यामुळे काढल्या काढल्या त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. थेट टाकीत सोडलं तर मासे त्यातच गुदमरू शकतात. म्हणून मघाशी घुसळायला सांगितलं. दुसरं म्हणजे आपल्याकडचं बोरचं पाणी बहुतेक वेळा जड आणि अल्कधर्मी असतं. अमोनियाचा विखार या गुणावर ठरतो. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, ७ असेल तर २५ अंश तापमानाला एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांवर जातो, जवळजवळ दहापट. तापमान वाढलं की त्याहून वर. म्हणजे एखाद्याच्या मऊ पाण्यात ज्या अमोनियाने मासे नुसते मरगळले असते, तेवढाच तुमच्या टाकीत जीव घेऊ शकतो.

आणि उन्हाळा. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३३ अंशांच्या पाण्यात ७ च्या थोडा वर. पाणी तापलं की माशाच्या शरीरातले व्यवहार मात्र जलद होतात, त्याची गरज वाढते. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा जीव आहे, १८ ते २४ अंशांत तो सुखी असतो. थंड पाण्यात हा मासा थक्क करणारी गोष्ट करतो. ऑक्सिजन संपला तरी तो कित्येक तास तग धरतो, शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचा मद्यार्क बनवून तो कल्ल्यांवाटे सोडून देतो. एवढा चिवट प्राणी तुमच्या टाकीत वर तोंड काढून बसलाय, यावरून त्याचे हाल समजून घ्या.

तापमान उतरवण्यासाठी बर्फ टाकू नका. टाकीचं झाकण उघडून जाळी लावा आणि टेबलफॅनचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. विदर्भात कूलर ज्या कारणाने चालतो, त्याच कारणाने हेही चालतं. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत याचा एवढा गुण येत नाही. उडालेल्या पाण्याची भर रोज घालत राहा. दुपारी वीज गेली तर मगाने टाकीतलंच पाणी घेऊन फूटभर उंचीवरून परत ओतत राहायचं, दर दहा मिनिटांनी वीस-पंचवीस मग. मी पुण्यात एका रात्री असं पहाटेपर्यंत केलंय, सगळे मासे वाचले. बॅटरीवर चालणारा छोटा पंपही मिळतो, तुमच्याकडे तो असायलाच हवा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारल्यावाचून राहवत नाही. टाकी ज्या खोलीत आहे तिथे रात्री डासांचं मशीन किंवा कॉइल लावता का? हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. डास मारणाऱ्या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गाची रसायनं असतात. ती माणसाला त्या मानाने कमी बाधतात, माशांना अत्यंत विषारी असतात. पंप आणला की खोलीतलं मशीन बंद, बाबांच्या पलंगाला मच्छरदाणी. फरशी पुसायचं फिनाईल आणि झुरळांचा स्प्रे यांचंही तेच.

आता बादलीतलं पाणी. हात आधी टाकीत आणि मग बादलीत घालून बघा, दोन्हीकडे सारखंच कोमट लागलं पाहिजे. टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी तळापासून काढा, खड्यांमधला कचरा नळीने ओढून घ्या, आणि नवं पाणी मगाने हळूहळू घाला. सगळं पाणी बदलायचा मोह होईल, करू नका. भाजलेल्या कल्ल्यांना एकदम बदललेलं पाणी सोसत नाही. उद्या पुन्हा तिसरा हिस्सा, मग आठ दिवस रोज चौथाई. नळाचं साठवलेलं पाणी वापरायचं असेल तर उघड्या पिंपात पूर्ण दिवसभर राहू द्या किंवा दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात ते घाला.

दुकानातून आणायचीच असेल तर ही एक वस्तू आणा, अमोनिया आणि नायट्राइटचा टेस्ट किट. चार थेंबांची किंमत जास्त वाटेल, पण निळ्या बाटल्यांवर गेलेल्या पैशांपेक्षा तो कामाचा आहे. दोन्ही आकडे शून्य हवेत. शून्याच्या वर काहीही दिसलं की पाणी बदला. आज अमोनिया दिसेल, काही दिवसांनी तो उतरेल आणि नायट्राइट चढेल. तेव्हा मासे पुन्हा धापायला लागले तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहता येईनासा करून टाकतं. पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. यावर घरातलाच उपाय आहे, मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारातच नायट्राइटला अडवतं. काहीही न मिसळलेलं खडे मीठ घ्या. तुमच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी ५० लिटर धरलं तर लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने ५० ग्रॅम पुरे. वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन दिवसांत अर्धं अर्धं घाला. मीठ हवेत उडत नाही, त्यामुळे उडालेल्या पाण्याची भर घालताना परत मीठ घालायचं नाही. जेवढं पाणी काढून बदललं, तेवढ्यापुरतंच घालायचं. टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर त्यातल्या काही कोमेजतील, त्या आधीच बादलीत काढून ठेवा.

औषधांबद्दल थोडं. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते वाईट नाही, बुरशीवर वापरतात, पण उरल्यासुरल्या उपयोगी जिवाणूंनाही ते जगू देत नाही. कॅप्सूल बहुधा अँटिबायोटिक असणार, तिचंही तेच. दुकानदाराने चांगल्या मनाने दिलं असेल, त्याने पाणी मात्र तपासलं नाही. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशाची, पिशवी चार दिवस ठेवा, निळा रंग आणि बरंचसं औषध ओढून घेईल. आणि ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधल्या स्पंजाचा हातभर नको, मूठभर तुकडा मागून आणा. ओलाच आणा, टाकीच्याच पाण्यात बुडवून, आणि थेट तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. सहा आठवड्यांचं काम त्याने खूप लवकर होतं.

आता लाल्या. त्याचा एकच कल्ला हलतो, ही खूण मी वेगळी काढून ठेवतो. भाजलेल्या कल्ल्यामुळेही असं होतं, पण कल्ल्यांना चिकटणारे अगदी सूक्ष्म कृमी असतात, त्यांच्यामुळे हे जास्त होतं. मासा एक बाजू मिटून घेतो, अंग खड्यांवर घासतो. जुन्या माशांत ते थोड्या संख्येने वर्षानुवर्षं असतात आणि मासा खचला की फोफावतात. म्हणून आजच औषध नको. चार-पाच दिवस पाणी सांभाळा. बाकीचे दोघे खाली उतरले, नीट फिरायला लागले, आणि लाल्या एकटाच धापत राहिला, तर तो आता ‘एकच मासा’ झाला. मग आजार शोधायचा.

तेव्हा त्याचा कल्ला बघा. बाजारात मासळी घेताना आपण कल्ला उचलून बघतो, तेच इथे करायचं, फक्त जिवंत माशावर आणि फार हळू. हात ओले करा, टाकीच्या पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात त्याला दोन्ही तळव्यांत धरा, दुसऱ्या कुणाला बॅटरीचा प्रकाश पाडायला सांगा आणि झाकण अंगठ्याने किंचित वर करा. दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. डाळिंबाच्या दाण्यासारखा लालभडक असेल तर उत्तम. चॉकलेटी असेल तर नायट्राइट, मिठाकडे वळा. फिकट, गुलाबीही नाही असा असेल तर रक्त कमी झालंय. सुजलेला, बुळबुळीत आणि लाल ठिपक्यांचा असेल तर अमोनियाची भाजणी भरून यायची आहे. करड्या-पांढऱ्या कुजक्या कडा दिसल्या तर जिवाणूंचा संसर्ग. अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, आणि तो कधीकधी फक्त कल्ल्यांतच असतो.

कृमी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना सूक्ष्मदर्शक लागतो. तुमच्या अकोल्यातच पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे आणि नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. आधी फोन करून माशाच्या कल्ल्याचा नमुना बघतील का ते विचारा. कृमी निघाले तर प्राझिक्वांटेल हे औषध चालतं, पण मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. कुत्र्यांच्या जंतांची गोळी कुटून टाकतात लोक, तसं करू नका, तिच्यात बहुधा आणखी दोन औषधं मिसळलेली असतात. आणि एक मात्रा देऊन थांबू नका. औषधाने कृमी मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी अंडी फुटल्यावर ते पुन्हा द्यावं लागतं.

मोर्णेत सोडायचं नाही, ताई. मे महिन्यातल्या नदीत धापणारा गोल्डफिश दोन दिवस काढणार नाही, आणि तगलाच तर त्याच्या अंगावरचे कृमी नदीतल्या आपल्या माशांना देईल. विहिरीतही नको.

राहिले बाबा. त्यांचा दाणे टाकायचा हात थांबवायचा म्हणजे त्यांचा टाकीशी उरलेला शेवटचा संबंध तोडल्यासारखं होईल, हे मला कळतं. त्यांना खरं सांगा की गोल्डफिश आठवडाभर न खाताही राहू शकतो आणि सध्या त्याला पचवायलाही ऑक्सिजन पुरत नाहीये. तीन दिवसांनी दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच दाणे. डबीत तुम्ही मोजून द्या, टाकू देत त्यांनाच. आणि त्यांना एक काम द्या. डोळा आता बरा झाला असेल तर सकाळी दिवा लावायच्या आधी, पहाटेच्या उजेडात, खुर्ची टाकीपाशी ओढून बसायचं. पहाटे का, तर रात्रभर वनस्पती आणि शेवाळही ऑक्सिजन वापरत असतात, त्यामुळे तेव्हा पाण्यात तो सर्वांत कमी असतो आणि त्रास असेल तर हमखास दिसतो. एक मासा निवडायचा, पंधरा सेकंदांत त्याच्या कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं ते मोजायचं, चारने गुणायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. तिन्ही माशांचं, रोज. आकडा रोज थोडा थोडा उतरत गेला तर आपण बरोबर चाललोय. एखाद्या दिवशी चढला तर किट काढायचा आणि पाणी बघायचं.

पहिल्या सात चौकोनांतले आकडे आणि लाल्याच्या डाव्या कल्ल्याचा रंग मला कळवा. औषधाचं तेव्हा ठरवू.